जपानी मिठाया आणि छोटी हॉटेलं, हे सगळं आलं कुठून?

जपान फिरून आलेला प्रत्येकजण हल्ली दोन गोष्टींचे फोटो टाकतोच, नाजूक वागाशी मिठाया आणि काउंटरवर बसून खायची छोटी हॉटेलं. बघून वाटतं हे हजार वर्षं असंच चालू असणार. थोडं खरंय, क्योतोत इमामिया देवळाशेजारचं इचिवा आपली सुरुवात इ.स. 1000 ची सांगतं आणि अजून कोळशावर मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, भाजून देतं. पण एवढं गोड खाणं मात्र साखर आल्यावरचं, आणि त्या गोष्टीत चक्क गोवा आहे.

आधी साखर चीनमधून यायची, तीही औषधासारखी चिमूटभर. 16 व्या शतकात पोर्तुगीज पोचले, त्यांचा पूर्वेकडचा कारभार गोव्यातून चालायचा, फ्रान्सिस झेवियरसुद्धा 1549 मध्ये गोव्यातूनच निघून कागोशिमाला उतरला. पुढे 1569 मध्ये लुईश फ्रोइश या पाद्र्याने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बाटलीत कोम्पेइतो या साखरेच्या गोळ्या भेट दिल्या, म्हणजे दिसायला अगदी आपला संक्रांतीचा काटेरी हलवा. नागासाकीचा कास्तेला केकही पोर्तुगीजांकडूनच आलेला. नंतर जपानची दारं जवळजवळ बंद झाली तरी नागासाकीत डच आणि चिनी जहाजं साखर आणत राहिली, मग 18 व्या शतकात शोगुन म्हणजे लष्करी शासक असलेल्या योशिमुनेने देशातच ऊस लावायला लावला आणि शिकोकू बेटावर वासानबोन ही बारीक साखर तयार व्हायला लागली, माचा या हिरव्या पुडीच्या कडू चहाआधी खायच्या मिठायांत ती अजून असते.

हॉटेलांची गोष्ट मात्र दरबारी अजिबात नाही. 1657 च्या आगीत एदो म्हणजे आजचं तोक्यो बरंचसं जळून गेलं, ते परत उभं करायला सुतार, गवंडी, मजूर लोटले, त्यात बायकापोरं गावी ठेवून आलेले सामुराई होतेच, एवढ्या एकट्या पुरुषांना रांधून कोण घालणार? मग सोबा नूडल्स, तेम्पुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेले मासे-भाज्या आणि पुढे सुशीच्या गाड्या लागल्या, पटकन खा आणि कामाला जा. साकेच्या दुकानदारांनी तिथेच प्यायला बसू दिलं, सोबत काहीबाही खायला ठेवलं, आणि इझाकाया, म्हणजे पिता-खाता बसायचं हॉटेल, सुरू झालं. आज हजारो येन मोजून खातात ती सुशी मुळात गाडीवरची, हे मला भारी वाटतं.

अनपान तर अजून नवा, 1874 मध्ये किमुराया बेकरीने पावात अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण भरलं आणि पुढच्याच वर्षी तो मेइजी सम्राटाच्या पुढ्यात गेला. तोक्योच्या गिन्झा भागातल्या त्यांच्या दुकानात अजून मिळतो.