गोळी किती फुलते, किती शिरते: घरगुती चाचण्यांची पार्श्वभूमी

शिकारीच्या गोळीची पारख दोन मापांनी होते: ती किती फुलली (आदळल्यावर टोक किती पसरले) आणि किती खोल गेली. ही मापे एकमेकांच्या मुळावर उठणारी. फुललेली गोळी लवकर अडते, न फुललेली आरपार निघून जाते.

ही मोजणी सुरू झाली ती दवाखान्यातून. स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर (नोबेल १९०९) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांसाऐवजी साबण आणि जिलेटिनवर गोळ्या झाडून जखमा अभ्यासल्या. फुलणाऱ्या गोळीचा वाद मात्र आपल्याकडचा. १८९६ च्या सुमारास कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी .३०३ (इंचातला व्यास) गोळीच्या टोकावरचे आवरण काढून शिसे उघडे ठेवले. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धातून बाद केल्या. शिकारीला ती बंदी नव्हती, त्यामुळे पुढची सुधारणा तिथेच झाली. अमेरिकन शिकारी जॉन नोस्लर यांच्या गोळ्या १९४६ मध्ये मूस या थोराड हरणावर वरच्या वर फुटल्या. त्यावर त्यांनी मधोमध तांब्याची भिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी केली. पुढचा भाग अळमीच्या छत्रीसारखा उघडतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो.

गोळी झाडून पारखायला हौशी लोकांनी पाण्याचे कॅन आणि भिजवलेली वर्तमानपत्रे वापरली. पाणी गोळीला झपाट्याने आणि जास्तच फुलवते, म्हणून कॅनमधून काढलेली देखणी गोळी पाहून हुरळू नये. कागदाचे गठ्ठे रात्रभर भिजत घालून निथळावे लागतात. मध्ये कोरडा पट्टा राहिला की खोली घटते, आणि दोन गठ्ठे कधी सारखे भिजत नाहीत.

शिस्त आली ती १९८० च्या दशकात, अमेरिकी लष्करातील डॉ. मार्टिन फॅकलर यांच्यामुळे. त्यांचे माध्यम १० टक्के जिलेटिन: १ किलो पावडर, ९ लिटर पाणी. पावडर थंड पाण्यात भिजवायची, मग ४० अंशांच्या वर न नेता विरघळवायची; जास्त तापवले तर जेलची ताकद जाते. जोराने ढवळल्यास फेस अडकतो. मग ठोकळा ४ अंशांवर दीड दिवस. खरी कसोटी पुढे: .१७७ चा पोलादी छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने सोडला तर सुमारे ८.५ सेंटीमीटर जायला हवा, एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे. अकरा गेला तर ठोकळा मऊ, आणि त्यावरचे सगळे आकडे फुकट. १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने हेच माध्यम धरून १२ ते १८ इंच खोलीची अट घातली. ती पिस्तुलाच्या गोळीसाठी आणि माणसासाठी आहे. रानडुकराला लावणे चूक.

गोव्यात हा विषय वाचण्यापुरताच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर निर्बंध आले, १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. सत्तरी, सांगे, काणकोणातल्या बागायतदारांचा बंदूक परवाना पीकरक्षणापुरता असतो. चाचणीसाठी परसात बार काढणे त्यात बसत नाही. निवडणूक आली की तीही बंदूक पोलीस ठाण्यात जमा. रानडुकरांना आचारसंहिता लागत नाही, ही जुनी कुरकुर.

शिवाय आपल्या उकाड्यात फ्रिजबाहेर काढलेला ठोकळा बघता बघता मऊ पडतो. त्यावर उपाय म्हणून तेलापासून बनवलेले पारदर्शक कृत्रिम ठोकळे विकले जातात. फ्रिज लागत नाही, वितळवून पुन्हा ओतता येतात. पण त्यांत गोळीची खोली आणि फुलणे वेगळे येते, म्हणून ते आकडे जिलेटिनच्या आकड्यांशेजारी मांडता येत नाहीत.