कवड्या की मण्यार? पट्टे कुठे विरतात ते बघा

पावसाळा लागला की नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच फोटो फिरायला लागतो. जिन्याखाली झाडूने चेचलेला पट्टेवाला साप, आणि खाली कुणाचा तरी छातीठोक निकाल: "मण्यार आहे, बरं झालं मारली." नीट बघावं तर बऱ्याचदा तो कवड्या निघतो. बिनविषारी, घरातल्या पाली खाऊन जगणारा.

मण्यारीबद्दल फार सांगत बसत नाही. काळी, चकचकीत, रात्री हिंडणारी, जमिनीवर झोपलेल्याला चावणारी, हे सगळ्यांना पाठ आहे. घोळ पट्ट्यांचा आहे. "काळ्यावर पांढरे पट्टे म्हणजे मण्यार" एवढंच लोक धरून बसतात. पट्टे तर दोघांनाही असतात!

बघायचं ते हे, की पट्टे कोणत्या टोकाला ठळक आहेत. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात. पुष्कळदा मानेवरच पांढुरका-पिवळसर पट्टा असतो. अंगाच्या पुढच्या भागात ते उठून दिसतात आणि शेपटीकडे फिके होत विरून जातात. मण्यारीचं नेमकं उलटं. डोक्यामागचा भाग जवळजवळ कोरा, फार तर पाठीच्या मधोमध पांढरे ठिपके. पट्टे मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्वच्छ राहतात. तेही दोऱ्यासारखे बारीक, बहुधा जोडीजोडीने. कवड्याचा पट्टा एकेकटा, आणि पाठीवरून कुशीकडे उतरताना फाटून पसरतो.

फसगत होते ती दोन ठिकाणी. मण्यारीच्या पिलाला पट्टे पुढेही असू शकतात, आणि म्हाताऱ्या मण्यारीचे जवळपास पुसलेले असतात. तिथे पाठीचा कणा बघावा लागतो: मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक सरळ ओळ असते, कवड्याला नसते. जिवंत सापावर ही ओळ शोधायच्या फंदात पडू नका. पण गच्चीवर कात सापडली तर उजेडात धरून बघा, बाजूच्या बारीक खवल्यांमधून ती ओळ लख्ख दिसते.

रंगावर मात्र कधीच जाऊ नका. कवड्या तपकिरी असतो, पण ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत तोही काळाच दिसतो. लांबीही कामाची नाही, कारण मण्यारीचं पिल्लू कवड्याएवढंच असतं. भिंतीवर किंवा खिडकीच्या जाळीवर सरसर चढलेला बहुधा कवड्या असतो, पण मण्यारही अंथरुणात शिरते, तेव्हा त्यावरही निकाल देऊ नये. कुकरी नावाच्या सापालाही लोक मण्यार म्हणतात, पण तिच्या तपकिरी अंगावर पट्टे काळे असतात. तो गोंधळ किरकोळ आहे.

सगळ्यात डोकं उठतं ते "अंगावर आला म्हणजे विषारीच" या वाक्याने. दिवसा डिवचलेली मण्यार बहुतेक वेळा वेटोळं करून डोकं त्यात लपवते. कवड्या हातात धरला की कडाडून चावतो. म्हणजे स्वभावावरून ठरवायला गेलात तर नेमकी मण्यार हातात घ्याल.

"कवड्या मण्यारीची नक्कल करतो" हेही सैल बोलणं आहे. त्र्यंबक-पेठकडच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात सोंग घेणाऱ्याला आपण कोणाचं सोंग घेतलंय हे ठाऊक असतं. कवड्याला मण्यार म्हणजे काय याचा पत्ताही नाही. ज्यांचे पट्टे मण्यारीशी जुळले त्यांना शिकारी टाळत गेले, ते जास्त जगले आणि त्यांचीच पिल्लं वाढली. माणूस मात्र तेच पट्टे बघून टाळत नाही, काठी शोधतो.

मग मारायच्या आधी ओळखायचं का? नाही. लांब थांबा, नजर ठेवा, सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. आणि चावला असेल तर हे पट्टेपुराण गुंडाळून ठेवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, तोवर वेळ गेलेली असते. साप पकडून डॉक्टरांना दाखवायची गरज नाही. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे.