अमेरिकेत जमिनीखाली प्रदूषण निघालं? जुन्या लायबिलिटी पॉलिसीतून सफाईचे पैसे कसे मागायचे आणि क्लेम कुठे अडकतो

स्ट्रिप मॉल घेतली, पाच-सात वर्षांनी रिफायनान्सला काढली, बँकेने माती-पाण्याची तपासणी सांगितली आणि कोपऱ्यातल्या जुन्या ड्रायक्लीनरच्या गाळ्याखाली पर्क निघालं. अमेरिकेत कमर्शियल जागा घेणाऱ्या आपल्या मराठी लोकांवरही ही वेळ येते. पर्क म्हणजे परक्लोरोइथिलीन, पाण्यापेक्षा जड सॉल्व्हंट, काँक्रीटमधून झिरपत भूजलापर्यंत जातं. १९८० च्या सुपरफंड कायद्यात (प्रदूषित जागांच्या सफाईचा केंद्रीय कायदा) आत्ताचा मालकही जबाबदार धरला जातो, गळती त्याने केली नसली तरी.

पैसे येऊ शकतात ते जुन्या जनरल लायबिलिटी पॉलिसीतून, म्हणजे धंद्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्यातून. मुदत कधीच संपली ना, असं सगळे विचारतात. या पॉलिसी ऑकरन्स पद्धतीच्या असतात, म्हणजे नुकसान ज्या वर्षी होत होतं त्या वर्षीची पॉलिसी लागू, क्लेम आज आला तरी चालतो. १९८६ पासूनच्या स्टँडर्ड फॉर्ममध्ये (पॉलिसीचा ठरलेला मसुदा) प्रदूषण जवळपास पूर्ण वगळलंय. १९७३ च्या फॉर्ममध्ये ते वगळलंय, पण गळती 'अचानक आणि अपघाताने' झाली असेल तर कव्हर आहे, आणि 'अचानक' म्हणजे काय यावर प्रत्येक राज्याचं कोर्ट वेगळं बोलतं. त्याआधीच्या पॉलिसी सोन्यासारख्या. इंडियानात तर राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या कायगर खटल्यात प्रदूषण वगळण्याचं कलमच संदिग्ध ठरवलं, त्यामुळे तिथे नंतरच्या पॉलिसीही काढून बघा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. तुम्ही जागा २०१२ मध्ये घेतली तर १९७५ ची पॉलिसी तुमच्या नावावर नाही, ती त्या वेळच्या ड्रायक्लीनरच्या किंवा मालकाच्या नावावर आहे. तुम्ही थेट विमा कंपनीला लिहिलंत तर नकारच येणार आणि बरेच लोक नेमकं हेच करून हताश होतात. तुम्ही आधी त्या जुन्या माणसावर किंवा कंपनीवर दावा सांगायचा, मग त्याने तो त्याच्या विमा कंपनीकडे द्यायचा. कंपनी बंद झाली असली तरी काही राज्यांत फक्त विम्याच्या रकमेपुरता दावा करता येतो, कॅलिफोर्निया त्यातलं एक, तेव्हा 'तो तर गेला' म्हणून सोडून देऊ नका. आणि पॉलिसीधारक स्वतःच जागेचा मालक असेल तर 'स्वतःच्या मालमत्तेचं नुकसान कव्हर नाही' हे कलम पुढे करतात, पण भूजल त्याच्या मालकीचं नसतं, म्हणून भूजलाचा रिपोर्ट अर्जात पहिला लावा.

कागद. मूळ पॉलिसी जवळपास कुणाकडेच नसते आणि तिथेच लोक हात टेकतात. अहो, पॉलिसीच हवी असं नाही, ती होती हे दाखवणारा पुरावा चालतो, कंपनीचं नाव, वर्ष, नंबर आणि भरपाईची मर्यादा कळली की बाकीची भाषा त्या वर्षाच्या स्टँडर्ड फॉर्मवरून मांडता येते. जुन्या भाडेकरारासोबत दिलेलं इन्शुरन्स सर्टिफिकेट, बँकेच्या किंवा एसबीए लोनच्या (छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज) फाईली, प्रीमियमचे चेक, अकाउंटंटचं लेजर, ब्रोकरची पत्रं, कुणी दुकानात घसरून पडलं म्हणून झालेल्या खटल्याची फाईल (तिथे वकील कुठल्या विमा कंपनीने दिला ते सापडतं). हे शोधून देणारे लोकही आहेत, इन्शुरन्स आर्किऑलॉजिस्ट म्हणतात त्यांना. मात्र आगीची पॉलिसी आणू नका, ती प्रॉपर्टी पॉलिसी, इथे तिचा उपयोग नाही.

कंपनीचं नाव आज सापडत नाही म्हणून घाबरू नका. एटना कॅज्युअल्टी १९९६ मध्ये ट्रॅव्हलर्सकडे गेली. मात्र द होम इन्शुरन्स २००३ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली (म्हणजे गुंडाळायला काढली) आणि क्लेम लावायची तारीख १३ जून २००४ होती, तेव्हा तिच्यावर वेळ घालवायच्या आधी दुसऱ्या वर्षांच्या पॉलिसी शोधा.

नोटीस, म्हणजे दावा आल्याचं विमा कंपनीला लेखी कळवणं, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याने लगेच द्यायची, हे मी हात जोडून सांगतोय. आधी कन्सल्टंट लावतात, माती खणून काढतात आणि बिलं जमा करून मग कंपनीला कळवतात, आणि कंपनी म्हणते आम्हाला न विचारता केलेला खर्च आम्ही देत नाही. इंडियानाच्या कोर्टाने २००९ मध्ये ड्रेडेड खटल्यात नोटिशीआधीचा बचावाचा खर्च नाकारलाच. न्यूयॉर्कमध्ये तर उशिराचा नियम सैल झाला असं वाचून लोक निवांत बसतात, पण तो सैल नियम १७ जानेवारी २००९ पासून निघालेल्या पॉलिसींना आहे, पॉलिसी १९७५ ची असेल तर जुना कडक नियम, उशीर झाला की संपलं, कंपनीचं त्याने काही बिघडलं का हेही बघत नाहीत. एवढी बारीक तारीख सामान्य माणसाने कुठून शोधायची, नकाराच्या पत्रातच ती पहिल्यांदा दिसते!

मर्यादा छोटी दिसली तरी नाराज होऊ नका, त्या काळच्या बहुतेक फॉर्ममध्ये वकिलाचा खर्च मर्यादेच्या बाहेरून मिळतो आणि गळती दहा वर्षं चालली असेल तर प्रत्येक वर्षाची पॉलिसी वेगळी लावून बघता येते.

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी वेगळं. पॉलिसीत 'सूट' (इंग्रजी suit, खटला) आला की बचाव करू असं लिहिलेलं असतं, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये ठरवलं की सरकारी खात्याचं सफाईचं पत्र म्हणजे सूट नाही, कोर्टात दाखल झालेला दावाच लागतो. बऱ्याच राज्यांत पत्र पुरतं, इथे नाही. तरी पत्र आलं त्याच आठवड्यात पॉलिसीधारकाच्या नावाने नोटीस पाठवा, सर्टिफाइड मेलने, सापडलेल्या प्रत्येक कंपनीला आणि प्रत्येक वर्षाचा नंबर लिहून, आणि पोचपावत्या स्कॅन करून ठेवा.