‘पू’च्या लेखकाच्या रहस्यकादंबऱ्या : सभासदांसाठी माहिती

सोलापूरच्या नवी पेठेतील आमच्या वाचनालयातून मुलांसाठी ‘विनी द पू’ नेणारे पालक बरेच आहेत. मात्र त्याच पुस्तकाचे लेखक ए. ए. मिल्न यांची ‘द रेड हाउस मिस्टरी’ ही इंग्रजी रहस्यकादंबरी मोठ्यांच्या कपाटात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ही कादंबरी १९२२ सालची, म्हणजे ‘पू’च्या चार वर्षे आधीची. त्या वेळी मिल्न यांची ओळख ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे लेखक आणि नाटककार अशी होती. रहस्यकथा लिहिण्याचा बेत सांगताच, विनोदी लेखकाकडून लोकांना विनोदच हवा, असे त्यांच्या व्यावसायिक प्रतिनिधीने सुनावले; आणि दोन वर्षांनी ते बालगीतांकडे वळले, तेव्हा लोकांना आता दुसरी रहस्यकथाच हवी, असे त्यांना ऐकावे लागले. हे त्यांनीच १९२६ च्या प्रस्तावनेत लिहिले आहे.

कथा उन्हाळ्यातील एका सुस्त दुपारी सुरू होते, आणि सारे घर वामकुक्षी घेत असल्याचे ते वर्णन सोलापूरकरांना मे महिन्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गोळीचा आवाज होतो, खोलीचे दार बंद असते, घरमालकाचा ऑस्ट्रेलियाहून परतलेला भाऊ मृत आढळतो आणि मालक बेपत्ता होतो. योगायोगाने तेथे आलेला अँटनी गिलिंगहॅम आणि घरातला एक माणूस खिडकीकडे धाव घेतात. इतकी घाई असताना तो माणूस लांबच्या बाजूने वळसा घालून का धावला, हा प्रश्न अँटनीला नंतर पडतो. ती धावपळ आपणही वाचलेली असते, पण आपले तिकडे लक्ष गेलेले नसते. गुप्तहेराला जेवढे कळते तेवढे वाचकालाही कळले पाहिजे, हा मिल्न यांचा आग्रह होता, आणि आमच्या मते पुस्तकाची खरी गोडी त्यातच आहे.

भाषेबद्दलही ते तितकेच काटेकोर होते. खुनी सरळ ‘बाहेर पडतो’ असे लिहिता येत असताना त्याने ‘निर्गमन केले’ अशा थाटात लिहिणे त्यांना खटकत असे. त्यामुळे इंग्रजी वाचनाची फारशी सवय नसलेल्यांनीही हे पुस्तक न बिचकता न्यावे. अमेरिकी रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांनी १९४४ च्या लेखात यातील तपासाच्या पद्धतीवर कठोर टीका केली. ती बरीचशी योग्य आहे, तरीही वाचनाचा आनंद तिने कमी होत नाही. मिल्न यांच्याच ‘फोर डेज वंडर’ (१९३३) या दुसऱ्या कादंबरीत मावशीचा मृतदेह पाहून पळ काढणाऱ्या तरुणीची गंमतीदार कथा आहे. तीत रहस्य कमी आणि विनोद अधिक आहे.

दोन्ही पुस्तके १५ दिवसांसाठी मिळतील. ‘द रेड हाउस मिस्टरी’च्या आमच्या प्रतीत कोणीतरी गुन्हेगाराच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. ती आम्ही खोडली आहे. पुस्तक परत करताना शेवटाची चर्चा काउंटरवर करू नये, ही नम्र विनंती, कारण रांगेत मागे उभ्या असलेल्या सभासदाला तेच पुस्तक न्यायचे असू शकते.