वस्ती सुधारणेतील भागीदारी निधी (पुणे)

झोपडपट्ट्यांत आणि चाळवजा वस्त्यांत ऊन, पाऊस व कचरा यांचा त्रास कमी करणारी छोटी कामे महापालिका, कंपन्यांचा सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचा पैसा), स्वयंसेवी संस्था आणि तिथे राहणारी कुटुंबे यांनी मिळून पैसे घालून करण्याची पद्धत. पत्र्यावर पांढरा लेप, उतार काढलेली गल्ली, घरातले शौचालय व त्याची ड्रेनेजला जोडणी, कचऱ्याचे वर्गीकरण ही त्यातली नेहमीची कामे. एका घरापुरते पाहिले तर यांतली बरीचशी कामे फार खर्चाची नाहीत. घोडे अडते ते जागेच्या मालकीवर, पावसाळ्याआधी हाती असलेल्या वेळावर आणि पुढची देखभाल कोणी करायची यावर.

पुण्यातली या पद्धतीची मुळे हवामानबदलाच्या चर्चेत नाहीत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, ती कचरावेचकांच्या हक्कांसाठी. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला आणि दारोदार कचरा गोळा करण्यासाठी घरटी शुल्काची रीत बसवली. येरवड्यात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा मोहिमेखालच्या बीएसयूपी (शहरी गरिबांना मूलभूत सेवा) योजनेत आहे त्याच जागी घरे बांधली गेली. तिथे केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा ३०, महापालिकेचा १० आणि कुटुंबाचा १० टक्के होता. घर २७० चौरस फुटांचे. शेल्टर असोसिएट्स या संस्थेने घरोघरी शौचालयासाठी वेगळी वाटणी केली: सामान संस्थेने दारात आणून टाकायचे, बांधकाम कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने करून घ्यायचे. रोख रक्कम हातात न देता सामान देण्याची ही युक्ती नंतरच्या कामांनाही उपयोगी पडणारी आहे.

पैसा कुठून येतो

महापालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकाची प्रथा २००६-०७ च्या सुमारास सुरू झाली. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन साधारण ५ लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवतात. हा पैसा सार्वजनिक जागेसाठीच असतो: गल्ली, चेंबर, दिवे, सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती. खासगी घराच्या छपराला तो लावता येत नाही, आणि वस्तीतल्या बऱ्याच अर्जांचा घोळ इथेच होतो. नगरसेवकाची 'स यादी', म्हणजे त्याने प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची अंदाजपत्रकातली यादी, हा दुसरा जुना मार्ग. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आल्यावर तो आटला.

घराच्या आतल्या कामासाठी म्हणून सीएसआर शोधावा लागतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची असते. झोपडपट्टी क्षेत्राचा विकास हा विषय २०१४ मध्ये अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, आला. पैसे घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ ही केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी हवी. वस्तीचे मंडळ किंवा बचत गट थेट हा निधी घेऊ शकत नाही, त्यामुळे मध्ये नोंदणीकृत संस्था येतेच. कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि चेक फेब्रुवारीत निघतात. छपराच्या हंगामाला ही वेळ सोयीची, पण घरांची पाहणी आधीच झालेली नसेल तर रंगाचे डबे येतात आणि यादीच तयार नसते.

कुटुंबाचा वाटा १० ते २० टक्के, तोही हप्त्यांत घेतलेला बरा. पैसे बचत गटाच्या खात्यात, दोन-तीन जणींच्या सह्यांनी, पावतीपुस्तक स्वतंत्र, कोणी किती भरले त्याची यादी समाजमंदिराच्या भिंतीवर. फुकट मिळालेल्या लेपावर दुसऱ्या वर्षी कोणी झाडू फिरवत नाही, म्हणून वाटा घ्यायचा. खर्चाची रक्कम भरून काढण्यासाठी नव्हे.

छपराचा लेप

दहा बाय बाराच्या खोलीवर पुढे-मागे निघालेला पत्रा धरून सुमारे १५० चौरस फूट छप्पर असते. उष्णता परतवणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्यायचे तर २० ते २५ चौरस फुटाला एक लिटर, म्हणजे घराला ६ ते साडेसात लिटर. नवा पत्रा चकाकतो म्हणून तो थंड राहील असे वाटते, पण शोषलेली उष्णता तो सहज सोडत नाही आणि तापतच जातो. पांढरा लेप ऊन परतवतो आणि उष्णताही सोडतो. चुन्याचा हात सर्वांत स्वस्त. चुना रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून लावतात, मात्र पहिल्या मोठ्या पावसात तो उतरतो.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकावे, मे महिन्यात वळीव कधी येईल याचा भरवसा नाही. आधी छपरावरचे दगड, टायर, जुनी सायकल खाली घ्यायची. गंजलेला पत्रा तारेच्या ब्रशने घासून त्यावर रेड ऑक्साईडचा (गंजरोधक तांबड्या रंगाचा) हात द्यायचा. गंजावर थेट रंग मारला तर पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. सिमेंटचा पत्रा असेल तर कोरडा घासणे टाळावे, कारण अशा पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू श्वासात जातात. तो ओला करून नायलॉनच्या ब्रशने धुवावा. शिवाय तो माणसाच्या वजनाने फुटतो, म्हणून बोल्टच्या ओळीवर फळी टाकूनच चढायचे. दोन हातांमध्ये ४ ते ६ तास जाऊ द्यावेत.

लेप फसण्याचे सर्वांत मोठे कारण रंगात नसते, गळतीत असते. पत्रा गळत असेल तर मेअखेरीस त्यावर निळी ताडपत्री चढते, ती दिवाळीनंतरही निघत नाही आणि पुढचा उन्हाळा लेप तिच्याखाली काढतो. म्हणून आधी खिळ्यांची भोके बुजवणे, वॉशर बदलणे, फुटका पत्रा काढणे. या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद नसेल तर लेपाचा खर्च पाण्यात. घर दुमजली असेल तर फायदा वरच्या खोलीलाच होतो, आणि तिथे बहुधा भाडेकरू राहतो. वाटा मालकाकडून मागायचा आणि गारवा भाडेकरूला, हा तंटा सभेत आधीच सोडवावा लागतो.

परिणाम मोजताना एकाच गल्लीतली, सारख्या पत्र्याची दोन घरे घ्यावीत. एक लेपाचे, एक बिनलेपाचे. साधा तापमापक छातीच्या उंचीवर, भिंतीपासून दूर टांगून दुपारी तीनला आणि रात्री दहाला नोंद करावी. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक चकचकीत पत्र्यावर फार कमी आकडा दाखवतो, म्हणून लेपाआधी आणि नंतरच्या त्याच्या आकड्यांची तुलना निरर्थक. खोलीतल्या हवेत २ ते ५ अंशांची घट सांगितली जाते. दाटीच्या, खिडकी नसलेल्या घरात खालचा आकडा धरून चालावे. धूळ बसली की परतवण्याची ताकद घटते, त्यामुळे दर उन्हाळ्यापूर्वी धुणे हवे.

गल्ली आणि पाणी

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर येऊन अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत माणसे दगावली. ओढ्याकाठचा असा धोका गल्लीच्या कामाने टळत नाही. त्यासाठी ओढ्याचे पात्र मोकळे हवे. गल्लीतले रोजचे तुंबणे मात्र टळते. जुने काँक्रीट न उकरता दरवेळी नवा थर टाकल्याने गल्ली उंचावत जाते आणि घराचा उंबरा तिच्या खाली जातो. मग थोड्या सरीतही पाणी आत येते. निविदेत 'जुना थर काढून' हे शब्द आणि चेंबरकडे उतार लिहून घेतल्याशिवाय वस्तीने संमती देऊ नये.

मर्यादा

रेल्वे, वन खाते, संरक्षण खाते किंवा खासगी मालकाच्या जागेवरील वस्तीत महापालिकेला खर्च करणे अवघड जाते, आणि अघोषित (सरकारने झोपडपट्टी म्हणून जाहीर न केलेल्या) वस्तीत त्याहून. विकसक एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची) संमतीपत्रे गोळा करू लागला की कुटुंबे वाटा भरणे थांबवतात, कंपनीही हात आखडता घेते. अशा ठिकाणी पुढे उचलून नेता येईल अशाच वस्तूंवर खर्च होतो: पंखा, सौरदिवा, बोल्टने बसवलेला नवा पत्रा.