हृदयाचा पंप आणि स्ट्रोक: कोणता मोजला, कोणता राहिला

सांगली-मिरजेत हार्टच्या ओपीडीबाहेर बसलेली माणसं एकमेकांना नाव-गाव विचारण्याआधी विचारतात, ‘पंपिंग किती?’, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो. तो आकडा पंधरा-वीस टक्क्यांवर आला, गोळ्या वाढवून झाल्या, तरी पायावरची सूज उतरेना आणि बदली हृदय मिळण्याची चिन्हं दिसेनात, की कधीतरी हृदयाला जोडायच्या यांत्रिक पंपाचं नाव निघतं. तो बसवून घ्यायला इथला पेशंट पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा चेन्नई गाठतो. खर्च कोटीच्या घरात जातो, त्यामुळे निर्णय एकट्या पेशंटचा नसतो, भावकीचाही असतो. त्या बैठकीत ‘पंप बसवल्यावर लकवा मारतो म्हणे, खरं का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तरादाखल एक टक्केवारी सांगितली जाते. ही टक्केवारी कुठून आली, ती ठरवताना काय धरलं आणि काय सोडलं, हे समजून घ्यायचं तर गेल्या पंचवीस वर्षांतल्या चाचण्या पाहाव्या लागतात.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. निकामी डाव्या कप्प्याला पंपाची जोड देण्याचे प्रयोग अमेरिकेत १९६० च्या दशकात सुरू झाले. मुंबईत फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपणाचा प्रयत्न झाला, तो रुग्ण काही तासच जगला. यशस्वी आरोपणासाठी भारताला ऑगस्ट १९९४ पर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात, १९८२ साली, अमेरिकेत संपूर्ण कृत्रिम हृदय कायमचं म्हणून बसवलं गेलं आणि तो रुग्ण ११२ दिवस जगला. त्याच यंत्रावर १९८४ मध्ये आलेला पुढचा रुग्ण ६२० दिवस जगला, पण या काळात त्याला एकापाठोपाठ स्ट्रोक, म्हणजे मेंदूचे झटके, येत गेले. रक्त परक्या पृष्ठभागावरून वाहू लागलं की गुठळी धरतं, आणि गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ केलं की ते कुठेतरी फुटतं. ही ओढाताण तेव्हाच दिसली होती, आजही संपलेली नाही.

खऱ्या अर्थाने आकडे मिळू लागले ते २००१ मध्ये. आरोपणास अपात्र ठरलेल्या १२९ रुग्णांपैकी निम्म्यांना धडधडणारा, म्हणजे भरून रिकामा होणारा पंप दिला आणि उरलेल्यांना औषधं. वर्षभराने पंपवाले ५२ टक्के हयात होते, औषधवाले २५ टक्के. ही बातमी जगभर गाजली. मात्र त्याच निबंधात मेंदूशी संबंधित घटना पंपाच्या गटात चौपटीहून जास्त असल्याचंही नोंदलं होतं, त्याची चर्चा फार झाली नाही. दोन वर्षांत पंपच बिघडण्याची शक्यता ३५ टक्के होती, तेव्हा सगळ्यांचं लक्ष यंत्र टिकवण्याकडे लागलं. या पंपाची एक गोष्ट मात्र आज मुद्दाम आठवावी अशी आहे. त्याचा आतला पृष्ठभाग खडबडीत ठेवला होता. त्यावर रक्ताचाच एक थर बसायचा, त्यामुळे बहुतेकांचं नुसत्या ॲस्पिरिनवर भागायचं.

पुढचा पंप सतत वाहणारा आला. लहान, एकच फिरता भाग, मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेरे. २००८ मध्ये आरोपणाची वाट पाहणाऱ्यांसाठी आणि २०१० मध्ये कायमच्या वापरासाठी त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. जुन्या पंपाशी केलेल्या तुलनेत दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ५८ विरुद्ध २४ टक्के होतं. इतकी सुधारणा हृदयरोगाच्या उपचारात क्वचितच दिसते. पण त्याच चाचणीत अपंग करणारा स्ट्रोक नव्या पंपात ११ टक्के आणि जुन्यात १२ टक्के होता. यंत्र सुधारलं, माणूस जगू लागला, मेंदूचा धोका मात्र होता तिथेच राहिला.

सतत वाहणाऱ्या पंपाबरोबर रक्त पातळ करणारी गोळी कायमची आली. इकडे वॉरफरिनपेक्षा ॲसेनोकुमारॉल जास्त चालते. व्हॉल्व्ह बदललेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) म्हणजे काय आणि मेथी-पालक एकदम वाढवायचा का नाही, हे इथे वेगळं सांगावं लागत नाही. पंपवाल्यांना मात्र आणखी एक अडचण असते. वेगाने फिरणाऱ्या पात्यामुळे रक्त गोठवणारं एक मोठं प्रथिन तुटत राहतं, आतड्यात नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी तयार होतात आणि शौचावाटे रक्त जातं. रक्तस्राव वाढतो म्हणून २००९ च्या सुमारास आयएनआर १.५ ते २.५ इतका खाली ठेवावा असा विचार पुढे आला. अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेनंतरचं हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शनही, कमी झालं. मग २०११ पासून पंपातच गुठळ्या धरू लागल्या. तीन मोठ्या हॉस्पिटलांनी आपल्या आठशेहून अधिक रुग्णांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत गुठळी धरण्याचं प्रमाण २.२ वरून ८.४ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. दोष यंत्राचा, बसवण्याच्या पद्धतीचा की पातळ गोळीत केलेल्या कपातीचा, यावर एकमत झालं नाही. माझ्या मते तिन्हींचा वाटा होता, आणि कपात घाईने झाली.

आता त्या निर्णयाकडे येऊ, ज्याची फळं सगळ्यात जास्त रुग्णांनी भोगली.

पंपाच्या चाचण्यांमध्ये मुख्य निकष ठरला तो असा: दोन वर्षं जिवंत, पंप बदलावा लागला नाही, आणि ‘अपंग करणारा’ स्ट्रोक आला नाही. अपंग करणारा म्हणजे कोणता, हे ० ते ६ या श्रेणीवर ठरतं. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. चारला पोचलेला माणूस आधाराशिवाय चालू शकत नाही, अंघोळ-शौचाला दुसरं कुणी लागतं. तीनवर असलेला स्वतः चालतो, पण रोजच्या कामात काही मदत लागते. रेषा तीन आणि चारच्या मधे ओढली गेली. म्हणजे तीनपर्यंतचा स्ट्रोक मुख्य निकषात धरलाच गेला नाही.

ही रेषा आपल्या भागात आणून पाहावी. विट्याकडचा गलाई कामगार घ्या. सोनं वितळवून त्याचा कस काढणं हा त्याचा धंदा. स्ट्रोकनंतर तो घरात चालतो-फिरतो, जेवतो, नातवंडांना ओळखतो, पण उजव्या हाताची पकड गेली आहे आणि मूस चिमट्यात धरता येत नाही. तो श्रेणीवर दोन किंवा तीनला बसेल. तासगावची द्राक्षबागायतदार बाई चालते, पण शब्द आठवत नाहीत आणि व्यापाऱ्याशी दराचं बोलणं आता मुलाला करावं लागतं. तीसुद्धा तीनच्या आसपास. दोघांचंही उत्पन्नाचं साधन गेलं आहे. चाचणीच्या मुख्य निकषात मात्र दोघंही ‘स्ट्रोकमुक्त’ गटात जातात.

रेषेच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही असं नव्हे. दर वर्षी चौथाई-निम्मे मरणाऱ्या रुग्णांमध्ये सौम्य स्ट्रोक आणि अंथरुणाला खिळवणारा स्ट्रोक एकाच मापाने मोजले, तर जगण्यातला फायदा झाकोळला जाईल, हा युक्तिवाद प्रामाणिक आहे. सौम्य स्ट्रोकचं निदानही प्रत्येक ठिकाणी सारखं होत नाही. पण रेषा कुठे ओढायची हे ठरवताना ज्यांना पुढे हातांनी कमवून खायचं आहे, त्यांच्या बाजूने कुणी बोललं असेल असं त्या निकषाकडे पाहून वाटत नाही.

याचा परिणाम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत उघड दिसला. छातीतच, हृदयाला चिकटून मावणाऱ्या छोट्या केंद्रापसारी पंपाची तुलना आधीच्या सतत वाहणाऱ्या पंपाशी झाली. एकूण ४४६ रुग्ण. मुख्य निकषावर छोटा पंप ५५.४ टक्के, जुना ५९.१ टक्के, म्हणून छोटा पंप ‘कमी नाही’ असा निष्कर्ष निघाला. त्याच निबंधात एकूण स्ट्रोकचे आकडे होते: छोट्या पंपात २९.७ टक्के, जुन्यात १२.१ टक्के. दुपटीहून जास्त. तरी निकष पार पडला, कारण जुन्या पंपात बिघाडामुळे बदल जास्त झाले, १६.२ विरुद्ध ८.८ टक्के. एका बाजूचे यंत्रबिघाड आणि दुसऱ्या बाजूचे मेंदूचे झटके एकाच तराजूत टाकले, आणि काटा मधोमध राहिला. पंप बदलायची शस्त्रक्रिया छोटी नसते, मान्य आहे. पण बदललेला पंप चालतो, गेलेली वाचा बहुतेकदा पूर्ण परतत नाही.

या आकड्यांचं एक स्पष्टीकरण रक्तदाबात होतं. आधीच्या विश्लेषणात सरासरी दाब ९० च्या वर असणाऱ्यांमध्ये या पंपावर मेंदूतला रक्तस्राव जास्त आढळला होता. म्हणून ४६५ रुग्णांची पूरक चाचणी झाली, दाब ८५ किंवा खाली ठेवण्याचा आग्रह धरून. आधीच्या चाचणीच्या तुलनेत स्ट्रोक साधारण चौथाईने आणि मेंदूतला रक्तस्राव निम्म्याने घटला. तरीही स्वतःचा ठरवलेला निकष या चाचणीला गाठता आला नाही. मेंदूची इजा छोट्या पंपात १४.७ आणि जुन्यात १२.१ टक्के राहिली. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत या छोट्या पंपाला कायमच्या वापराची मंजुरी मिळाली. जून २०२१ मध्ये कंपनीने त्याची विक्री जगभर थांबवली. कारणं दोन दिली: मेंदूच्या घटना आणि मृत्यूंचं जास्त प्रमाण, आणि बंद पडलेला पंप पुन्हा सुरू न होण्याचा दोष. त्या दिवशी सुमारे चार हजार माणसं हाच पंप अंगात घेऊन वावरत होती. तो सरसकट काढून टाकणं जास्त धोक्याचं असल्याने तसं करू नका, असंच त्यांच्या डॉक्टरांना कळवण्यात आलं.

रक्तदाबाचा हा धडा सांगली-साताऱ्यासाठी सगळ्यात कामाचा आहे, आणि इथेच तो अडतो. सतत वाहणाऱ्या पंपावरच्या माणसाची नाडी बहुधा हाताला लागत नाही, घरातलं आपोआप फुगणारं बीपीचं मशीन पुष्कळदा एरर दाखवतं. मोजायची रीत वेगळी आहे. दंडाला साधा कफ बांधायचा, कोपराच्या आतल्या बाजूला जेल लावायची, पेन्सिलीएवढा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, धरायचा. ठोके ऐकू येत नाहीत, सलग घोंगावणं ऐकू येतं. कफ फुगवत न्यायचा, घोंगावणं थांबलं की हवा हळू सोडायची, आवाज परत आला तो आकडा लिहायचा. सरासरी दाबाच्या जवळचा तोच. प्रत्येक प्रसूतिगृहात असलेला, बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर इथे चालत नाही, तो खोलवरचं ऐकण्यासाठी असतो. कातडीजवळच्या धमनीला ८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा लागतो. तालुक्याच्या गावी तो ठेवायचा आणि एका नर्सला शिकवायचं, एवढ्याने मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका कमी होऊ शकतो.

स्ट्रोक आलाच, तर पर्याय थोडे उरतात. एमआरआय या पंपांसह करता येत नाही, सीटी स्कॅनवर भागवावं लागतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आयएनआर १.७ च्या वर असताना देत नाहीत, आणि गोळ्या नीट घेणारा पंपाचा पेशंट नेहमीच त्याच्या वर असतो. मोठी वाहिनी तुंबली असेल तर मांडीतून तार घालून गुठळी काढता येते, पण त्यासाठी वेळेत योग्य ठिकाणी पोचावं लागतं. आटपाडी-जतहून निघालेली गाडी पुण्याला पोचेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. रक्तात जंतुसंसर्ग झाला की मेंदूतला रक्तस्राव वाढतो आणि तो संसर्ग बहुधा पंपाला वीज देणाऱ्या, पोटातून बाहेर येणाऱ्या वायरीच्या तोंडाशी सुरू होतो. तेव्हा रोजची पट्टी बदलणं हीसुद्धा स्ट्रोकचीच काळजी. बायकांमध्ये स्ट्रोकचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळतं, समुपदेशनात ते क्वचित सांगितलं जातं. विजेचा प्रश्न आणखी वेगळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठचे भाग दिवसचे दिवस अंधारात होते, आणि बॅटरीची जोडी नव्या पंपातही फार तर १७ तास जाते.

नवा म्हणजे चुंबकाने तरंगत्या पात्याचा पंप. त्याला घासणारा बेअरिंगच नाही, रक्त जायची फट रुंद आहे, आणि दर दोन सेकंदांनी तो वेग बदलून एक कृत्रिम ठोका देतो. २०१८ मध्ये आलेल्या दोन वर्षांच्या निकालात एकूण स्ट्रोक १०.१ टक्के, जुन्या, नऊ हजार फेऱ्यांच्या पंपात १९.२. अंतिम विश्लेषणात पंपात गुठळी १.४ विरुद्ध १३.९ टक्के. २०१८ च्या त्या निकालात अपंग करणाऱ्या स्ट्रोकचं प्रमाण मात्र दोन्ही पंपांत जवळपास सारखंच होतं. म्हणजे ज्या रेषेने छोट्या पंपाचं नुकसान झाकलं, तिने या पंपाचा फायदाही झाकला. निबंधात सगळे स्ट्रोक वेगळे दिले होते म्हणून तो दिसला.

२०२३ मध्ये याच पंपावरच्या ६२८ रुग्णांच्या चाचणीत ॲस्पिरिन वगळून पाहिलं. गुठळ्या किंवा स्ट्रोक वाढले नाहीत, रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशाने घटला. पातळ गोळी मात्र दोन्ही गटांना चालूच होती, आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान. आयएनआर तपासावा लागत नाही अशा गोळ्यांपैकी एक छोट्या पंपावर वापरून पाहिली तेव्हा गुठळ्यांमुळे चाचणी मधेच थांबवावी लागली. दुसरी, ॲपिक्साबान, तरंगत्या पंपावर लहान चाचण्यांत वापरली जात आहे. तोवर आटपाडीच्या पेशंटला रक्त देण्यासाठी लॅब गाठावी लागणार, आणि ती स्लिप पुण्यातल्या कोणत्या नंबरवर पाठवायची आणि डोस कुणी बदलायचा, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागून घ्यावं लागणार.