कोल्हापूरच्या काळ्या कातळाखाली तेल का नाही?

पाऊस ओसरला की मसाई पठाराच्या कडेला जांभ्यातून झरे पाझरतात, आणि त्यांच्या डबक्यांवर कधी कधी एक रंगीत तवंग धरतो. निळा, जांभळा, थोडा तांबूस. गॅरेजसमोरच्या पाण्यावर दिसतो अगदी तसाच. विहिरीवर असा तवंग दिसला की ‘खाली तेल आहे’ असं छातीठोक सांगणारं कुणीतरी गावात निघतंच. लहानपणी मीही ते खरं मानलं होतं. त्याची परीक्षा सोपी आहे. काडीने तवंग हलवायचा. पापुद्रा फुटावा तसे त्याचे कोनेदार तुकडे झाले आणि ते सुटेच राहिले, तर तो लोहाचा. तुटून पुन्हा एकमेकांत मिसळला, तर तेलाचा. आपल्या पठारांवरच्या झऱ्यांवर दिसतो तो बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो. जांभ्यातलं लोह पाण्यात उतरतं, आणि सूक्ष्मजीव व हवा मिळून त्याची साय धरतात.

पण त्यामागचा प्रश्न मोलाचा आहे. मुंबईजवळ समुद्रात तेल आहे, गुजरातेत अंकलेश्वरला आहे, मग सह्याद्रीच्या या अंगाला का नाही? सरकारने शोधलंच नाही, असं उत्तर अनेकदा ऐकू येतं. खरं उत्तर सुमारे ६.६ कोटी वर्षं जुनं आहे.

आधी तेल कसं होतं ते पाहू, कारण याबद्दल शास्त्रज्ञांचंही बराच काळ एकमत नव्हतं. १८५९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक यांनी जेमतेम २१ मीटर खोल विहिरीतून तेल काढलं. आसामात दिग्बोईला १८८९ मध्ये तेल लागलं आणि १९०१ मध्ये तिथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेल निघू लागलं, पण ते मुळात आलं कुठून? मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे मेंदेलेयेव यांनी १८७७ मध्ये असं मांडलं, की पृथ्वीच्या पोटातल्या धातूंच्या कार्बाइडवर, म्हणजे धातू आणि कार्बन यांच्या संयुगावर, पाण्याची क्रिया होऊन तेल बनत असावं. हे खरं असतं तर ज्वालामुखीच्या खडकांत तेल शोधणं शहाणपणाचं ठरलं असतं, आणि आपलं कोल्हापूर पहिल्या रांगेत बसलं असतं. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांना खनिज तेलात पॉर्फिरिन हे रेणू सापडले. हरितद्रव्याच्या रेणूचा सांगाडा तोच. म्हणजे तेलाच्या मुळाशी सजीव होते, आणि ते फार तापलेलंही नव्हतं, कारण जास्त उष्णतेत हा रेणू टिकत नाही. मला हा शोध या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. पंपावरच्या पेट्रोलमागे कधीकाळी पाण्यावर पडलेलं ऊन आहे, हे त्यातून सिद्ध झालं.

तर तेलाला लागतो तो गाळ. समुद्राच्या किंवा तळ्याच्या तळाशी, जिथे प्राणवायू कमी आहे अशा चिखलात, शेवाळ आणि सूक्ष्मजीव गाडले जातात. वर थर चढत जातात. खोली वाढते तशी उष्णताही वाढते, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. ६० ते १२० अंशांच्या दरम्यान त्या जैव पदार्थाचं तेल होतं, त्याहून तापलं तर वायू. मग ते हलकं तेल वर सरकू लागतं. वाटेत सच्छिद्र वालुकाश्म किंवा चुनखडक मिळाला, आणि त्यावर न झिरपणाऱ्या खडकाचं झाकण असलं, तरच ते अडतं. या अडण्याच्या जागेला इंग्रजीत ट्रॅप म्हणतात, म्हणजे सापळा. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाला म्हणतात तो ‘डेक्कन ट्रॅप’ मात्र वेगळा. तो स्वीडिश ‘ट्राप्पा’ म्हणजे पायरी या शब्दावरून आला. जोतिबाचा डोंगर दुरून पाहिला की टप्प्याटप्प्यांची ती उतरंड दिसते, तीच ही पायरी. दोन ट्रॅप एकच समजल्यामुळे दख्खनच्या नावातच तेल आहे असा गैरसमज झालेले लोक मला भेटले आहेत.

क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळाच्या अखेरीस भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता. आज जो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, त्या तप्त उद्गमावरून तो जाताना जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एका डोंगराच्या तोंडातून नव्हे, लांबच लांब भेगांतून, थरावर थर. या थिजलेल्या लाव्हाचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. आज उरलेला बेसाल्टच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. १९८० नंतर या थरांची रासायनिक घडण तपासून त्यांचे गट पाडले गेले, आणि त्यांना आपल्याच घाटांची आणि गडांची नावं मिळाली. खालून वर यायचं तर इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, आणि जवळजवळ माथ्यावर पन्हाळा. जगभरच्या भूशास्त्रीय शोधनिबंधांत ‘पन्हाळा फॉर्मेशन’ हा शब्द येतो तो आपल्याच गडामुळे, हे इथल्या शाळांत शिकवायला हवं.

या कातळाखाली काय आहे, याचं सर्वांत भक्कम उत्तर तेलाच्या शोधातून आलेलं नाही. ते भूकंपामुळे मिळालं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने कोल्हापूरही हादरलं होतं. कोयनेचे भूकंप जलाशयाशी कसे निगडित आहेत, हे समजून घेण्यासाठी पुढे तिथे खोल छिद्रं घेण्यात आली. सातारा जिल्ह्यात गोठणे इथे २०१७ मध्ये एक छिद्र ३,००० मीटरपर्यंत गेलं. बेसाल्ट १,२४७ मीटरवर संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाईस लागला, अब्जावधी वर्षांपूर्वीचा पाया. मध्ये गाळाचा थर नाही. शेल, म्हणजे चिखलाचा थरथरांचा दगड नाही, चुनखडक नाही. लाव्हा आला तेव्हा इथे उघडी, झिजलेली जमीन होती, समुद्र नव्हता. चिखलच नसेल तर तेल कशाचं होणार?

आता हाच लाव्हा पश्चिमेला पाहा. लाव्हा ओसरत असतानाच भारतापासून सेशेल्सचा तुकडा सुटला. किनाऱ्याचं कवच ताणलं गेलं, तुटलं आणि खचलं. ज्या बेसाल्टवर आपण घरं बांधतो तोच तिकडे समुद्राखाली गेला आणि त्यावर गाळ साचू लागला. पॅलिओसीन-इओसीन काळातल्या चिखलात तेलाचं बीज पडलं, आणि पुढे मायोसीन काळातल्या चुनखडकात ते तेल येऊन अडकलं. १९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साथीने झालेल्या सर्वेक्षणात समुद्रतळाखालचा हा उंचवटा दिसला. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात खोदकाम करणाऱ्या रिगने विहीर खोदली आणि मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय सापडलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. गुजरातेतल्या खंबातच्या खोऱ्यातही हीच रचना आहे. तळाला बेसाल्ट, त्यावर तेल देणारा शेल. म्हणजे तिकडे बेसाल्ट घराचं जोतं आहे आणि आपल्याकडे छप्पर. जोत्यावर घर उभं राहिलं. आपल्या छपराखाली घरच नव्हतं.

सगळ्याच दख्खनबद्दल मात्र असं म्हणता येत नाही. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात आणि सौराष्ट्र-कच्छकडे बेसाल्टखाली डायनोसॉरांच्या काळातला गाळ आहे. तिथली अडचण वेगळी. तेल शोधताना जमिनीत कंपनं सोडून त्यांचे परतणारे पडसाद वाचतात. बेसाल्टच्या थरांवर ती कंपनं विखुरतात आणि खालचं चित्र गढूळ येतं. म्हणून तिथे विद्युत-चुंबकीय आणि गुरुत्वीय मोजणीची जोड द्यावी लागते. हे काम चिकाटीचं आहे आणि त्याला बातमीमूल्य नाही, पण ते व्हायलाच हवं.

आणि कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिण टोक? बेसाल्टची चादर इथे पातळ होत संपत येते. गडहिंग्लज-चंदगडकडे नदीच्या पात्रांत तिच्याखालचे, कर्नाटकातल्या कलादगी गावाच्या नावाने ओळखले जाणारे खडक उघडे पडतात. हा खरा गाळ आहे. वालुकाश्म, क्वार्टझाइट, कर्नाटकात पुढे चुनखडक आणि शेलसुद्धा. देशातल्या २६ गाळखोऱ्यांच्या सरकारी यादीत भीमा-कलादगीचं नाव आहे, मात्र तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीत. यातले जुने थर शंभर कोटी वर्षांपलीकडचे आहेत. त्या काळी जमिनीवर झाड नव्हतं आणि समुद्रात मासा नव्हता. होतं ते शेवाळ आणि सूक्ष्मजीव. सायबेरियात इतक्याच जुन्या खडकांतून तेल निघतं, म्हणून केवळ वयामुळे कलादगीला बाद करता येत नाही. पण आपल्याकडे हा गाळ वर उचलला गेलेला, झिजलेला आणि बहुतांशी वाळूचा आहे. त्यात तेलाची आशा मी फारशी धरत नाही. पण कलादगीच्या वालुकाश्मावर उथळ पाण्याच्या लाटांच्या वळ्या अजून उमटलेल्या दिसतात, आणि त्या पाहण्यासाठी आपल्याला समुद्रापर्यंत जावं लागत नाही.